कार्यालयातील कॉर्डलेसचा हँडसेट दिवसभर स्टँडवर ठेवावा की उचलून ठेवावा?

पेढीवरचा_लेखनिक (सांगली)

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर लेखनिक म्हणून काम करतो. आमच्याकडे लँडलाइन अजून चालू आहे, कारण इरोड आणि निजामाबादचे व्यापारी, तसेच जत-कवठेमहांकाळकडचे जुने शेतकरी आजही त्याच क्रमांकावर भाव विचारतात. दीड वर्षापूर्वी मालकांनी तारेचा फोन काढून कॉर्डलेसचा संच घेतला. त्यात एक बेस आणि दोन हँडसेट आहेत. पहिला हँडसेट बेसवरच बसतो आणि तो पुढच्या बैठकीत मालकांच्या गादीशेजारी असतो. दुसऱ्याचा नुसता चार्जिंगचा स्टँड मागे राखणदाराच्या खोलीत आहे.

तक्रार पहिल्या हँडसेटची आहे. सकाळी अकराच्या सुमारास सौदे रंगात येतात आणि फोनवर फोन सुरू होतात, नेमका तेव्हा तो 'टुक टुक' करू लागतो आणि पाच-सात मिनिटांत समोरच्याचे वाक्य अर्धवट तोडून बंद पडतो. सेल चार महिन्यांपूर्वीच बदलले आहेत. राखणदाराकडचा हँडसेट मात्र कधीही कुरकुरत नाही.

यावरून पेढीवर दोन पक्ष पडले आहेत. मालकांचे म्हणणे असे की बोलणे झाले की हँडसेट लगेच स्टँडवर ठेवावा. आमचे दिवाणजी तीस वर्षे पेढीवर आहेत, आणि त्यांच्या मते पोट भरल्यावरही पानावर बसून राहिले तर अजीर्ण होते. म्हणून पडद्यावरच्या चार्जिंगच्या पट्ट्या पूर्ण दिसल्या की ते हँडसेट उचलून चोपड्यांवर ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा स्टँडवर बसवतात. जाणकारांनी कृपया सांगावे, बरोबर कोण?

कंदी_पेढा (सातारा)

दिवाणजींचा न्याय खरा मानला तर आमच्या पोवई नाक्यावरच्या दुकानातला हँडसेट केव्हाच अजीर्णाने गेला असता. तो सहा वर्षे स्टँडवर बसून आहे आणि मालकांपेक्षा ठणठणीत आहे.

विजेरी (विश्रामबाग, सांगली)

माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न काउंटरवर येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कार्यालयातल्या बहुतेक कॉर्डलेस हँडसेटमध्ये निकेल मेटल हायड्राइड जातीचे दोन बारीक सेल असतात. प्रत्येक सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे दोन मिळून 2.4 व्होल्ट. हे संच मुळातच अशा हिशेबाने बनवलेले असतात की हँडसेट वापरात नसेल तेव्हा तो स्टँडवर असेल. सेल भरल्यावर स्टँड अगदी थोडा प्रवाह सोडत राहतो, आणि सेल पडून असताना आपोआप जी घट होते ती त्याने भरून निघते. सततच्या भरतीने आणि उबेने सेल सावकाश म्हातारे होतात हे खरे आहे, पण त्याला दोन-तीन वर्षे लागतात, चार महिने नव्हे. तेव्हा तत्त्वाच्या वादात मालक बरोबर आहेत.

आता तुमच्या तक्रारीविषयी. नवे सेल घातले तेव्हा पहिल्यांदा ते सलग किती तास भरले? माहितीपुस्तिकेत सात तासांपासून सोळा तासांपर्यंत जो आकडा दिलेला असतो, तो पाळावा. शिवाय सेल नवा घातला की पडद्यावरच्या पट्ट्या पूर्ण दिसतात असा माझा नेहमीचा अनुभव आहे, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून लगेच हँडसेट उचलतात. पट्ट्या प्रामुख्याने व्होल्टेजवरून काढलेल्या असतात. सेलमध्ये खरोखर किती माल शिल्लक आहे हे त्यावरून नीट कळत नाही.

दुसरे असे की हँडसेटच्या बुडाशी आणि स्टँडवर धातूच्या ज्या दोन छोट्या पट्ट्या एकमेकींना टेकतात त्या आधी पाहा. मार्केट यार्ड म्हटल्यावर मला पहिली शंका त्याच पट्ट्यांची येते.

त्रैराशिक (कराड)

विजेरी यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. सेल अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरला तर त्याला तेवढ्याच वापराची सवय लागते, हे मी विद्यार्थिदशेपासून वाचत आलो आहे आणि अनुभवलेही आहे. आमच्या कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हँडसेट पूर्ण रिकामा करून मग भरण्याची पद्धत मी घालून दिली आहे. दिवाणजींच्या म्हणण्यात त्यामुळे तथ्यांश आहे असे मला वाटते.

विजेरी

त्रैराशिक, तुम्ही म्हणता ती सवय निकेल कॅडमियमच्या सेलची, आणि विसाव्या शतकातल्या कॉर्डलेसमध्ये तेच सेल असत, त्यामुळे तुमचा अनुभव खोटा नाही. निकेल मेटल हायड्राइडमध्ये हा दोष फारच थोडा असतो. महिन्यातून एकदा हँडसेट बोलून-बोलून संपवला आणि पूर्ण भरला तर बिघडत काही नाही, पण तो रिकामा करून टेबलावर दोन-दोन दिवस ठेवू नये. अगदी तळाला गेलेल्या दोन सेलांपैकी जो आधी संपतो त्याच्यातून दुसरा उलटा प्रवाह ढकलतो आणि पहिला कायमचा दुबळा होतो. म्हणूनच सेल बदलताना दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे बदलायचे असतात.

आणि दिवाणजी सवय मोडण्यासाठी हँडसेट उचलत नाहीत, तो भरला असे समजून उचलतात. हा निराळा मुद्दा आहे.

मिरजकर_स्वागतकक्ष

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात आहे. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर परिचारिकांच्या टेबलावर एक कॉर्डलेस असतो, आणि तो दिवसाला तीन पाळ्यांतल्या पंधरा-वीस हातांतून फिरतो. सेलाची तक्रार आमच्याकडेही होती, पण कारण निघाले स्वच्छतेचे. पाळी बदलताना प्रत्येक जण जंतुनाशकाचा फवारा थेट हँडसेटवर मारत असे. ते पाणी खालच्या पट्ट्यांवर ओघळून तिथे पांढरट थर धरला होता आणि हँडसेट स्टँडवर बसूनही उपाशी राहत होता.

आता फवारा आधी कापडावर मारतात आणि त्या ओलसर कापडाने हँडसेट पुसतात. खालच्या पट्ट्या आठवड्यातून एकदा कोरड्या कापसाने पुसतो. हँडसेट ठेवल्यावर चार्जिंगचा दिवा लागला का, हे पाहिल्याशिवाय पाठ फिरवायची नाही असा नियम केला आहे. हा नियम सगळ्यांत उपयोगी पडला, कारण स्टँडवर जरा तिरका टेकलेला हँडसेट दिसायला अगदी व्यवस्थित दिसतो.

पेढीवरचा_लेखनिक

सर्वांचे आभार. विजेरीताईंनी सांगितल्याप्रमाणे आज दुपारी हँडसेट उलटा करून पाहिला. पट्ट्या शोधाव्या लागल्या. बुडाच्या दोन्ही खाचांमध्ये हळदीची भुकटी इतकी घट्ट बसली होती की आधी काडीने उकरावी लागली, आणि मग कापसाचा बोळा फिरवला तर तो हळदीकुंकवाच्या ताटातून उचलल्यासारखा पिवळाधमक झाला. चार बोळे लागले. पाचव्या बोळ्यावर काळपट डाग आला, तेव्हा खाली धातू दिसला. स्टँडच्या पट्ट्या स्प्रिंगवर वर-खाली होतात, त्यांपैकी डावी पट्टी अडकली होती, तीही मोकळी केली.

राखणदाराच्या खोलीतला हँडसेट तुलनेने स्वच्छ आहे, कारण तिकडे माल जात नाही. त्यामुळे कोडे सुटले असे वाटते. उद्या कळवतो.

कंदी_पेढा

म्हणजे जीआय मानांकन मिळालेल्या हळदीने हँडसेटला हळद लावली होती. नवरा मुलगा अकरा वाजता कोसळणारच.

घाटमाथा (महाबळेश्वर)

आमच्याकडे हळद नाही, पण पाऊस आहे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबर प्रत्येक धातूला घाम फुटतो. आमच्या छोट्या हॉटेलात खोल्यांकडून येणारे फोन घेण्यासाठी कॉर्डलेस आहे, आणि त्याच्या पट्ट्यांवर दर पावसाळ्यात हिरवट गंज धरतो. मी तो साध्या पेन्सिलच्या खोडरबराने काढतो आणि रबराचा चुरा झटकून टाकतो. सँडपेपर कधीही वापरू नये. मी एकदा वापरला, वरचा मुलामा गेला आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने आला.

आमचे खरे दुखणे लाइटचे आहे. वारा सुटला की लाइट जाते आणि बेस बंद पडतो. मग हँडसेट कितीही भरलेला असला तरी तो नुसते खेळणे असतो. पाहुणे खाली येऊन विचारतात की फोन का लागत नाही, आणि मी त्यांना मेणबत्ती देतो.

जुना_लाइनमन (सातारा)

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून घाटमाथा यांच्या मुद्द्यावर लिहितो. तारेच्या साध्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून तांब्याच्या जोडीवर 48 व्होल्टचा दाब येत असे आणि त्यावरच तुमचा आवाज जात असे. गाव अंधारात बुडाले तरी फोन जिवंत राहत असे, तो यामुळे. कॉर्डलेसचा बेस मात्र भिंतीतल्या प्लगवर जगतो. म्हणून कार्यालयात कॉर्डलेस कितीही असोत, एक तारेचा फोन समांतर जोडून ठेवावा असे मी प्रत्येकाला सांगत असे.

आता पुष्कळ ठिकाणी तांब्याची जोडी जाऊन फायबर आले आहे. तिथे फोनची तार फायबरच्या डबीतून निघते आणि ती डबीही विजेवरच चालते. त्यामुळे नुसता तारेचा फोन जोडून भागत नाही. डबी आणि बेस दोन्हींना छोटा यूपीएस द्यावा. मात्र व्होल्ट जुळवून घ्यावेत. डबी बहुधा 12 व्होल्टची असते आणि बेसचा अ‍ॅडॉप्टर त्याहून कमी व्होल्टचा. पिन बसते म्हणून एकाचा अ‍ॅडॉप्टर दुसऱ्याला लावलेले आणि धूर निघालेले बेस मी पाहिले आहेत.

जाता जाता एक. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. हँडसेटच्या यादीत त्यापूर्वी साठवलेले क्रमांक कोणी दुरुस्त केलेले नसतात, आणि मग 'फोन बिघडला' म्हणून तक्रार येते.

साखरपट्टा

आमच्या कारखान्याच्या कार्यालयात ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयापुरते अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, आहे आणि त्याच्या एका इंटरकॉमवर कॉर्डलेस जोडला आहे. फोन दुसऱ्या विभागाला देताना फ्लॅशचे बटण दाबले की कधी फोन जातो, कधी सरळ कटतो. शेतकी अधिकाऱ्यांचे तीन फोन असे कटल्यावर त्यांनी कॉर्डलेसवर बोलणेच सोडले आहे. यावर काही उपाय आहे का?

जुना_लाइनमन

आहे. फ्लॅशचे बटण म्हणजे फोन क्षणभर ठेवून परत उचलल्याचा आभास. तो क्षण किती मिलिसेकंदांचा असावा याबद्दल तुमचा ईपीएबीएक्स आणि तुमचा बेस यांचे एकमत नसावे. क्षण फार लांबला की ईपीएबीएक्सला वाटते फोन खाली ठेवला, आणि फार आखूड झाला तर तो त्याच्या लक्षातच येत नाही. बेसच्या सेटिंगमध्ये फ्लॅशची वेळ बदलण्याची सोय असते. ईपीएबीएक्स बसवणाऱ्याला त्याची वेळ विचारून तीच बेसमध्ये घालावी.

साखरपट्टा

सेटिंगमध्ये पाहिले. बेसमध्ये 600 होते, ईपीएबीएक्सवाल्याने 100 सांगितले. बदलले आणि सलग दहा फोन नीट गेले. मनापासून आभार. शेतकी अधिकारी अजून दुरूनच पाहत आहेत.

पेढीवरचा_लेखनिक

कालच्या स्वच्छतेचा निकाल कळवतो. आज हँडसेट अकराऐवजी साडेबाराला बंद पडला. सुधारणा आहे, पण समाधान नाही. आजही तो एका व्यापाऱ्याचे 'मग ठरलं, क्विंटलला' एवढेच ऐकवून गेला, आणि ठरलेला आकडा विचारण्यासाठी मालकांना स्वतःच्या मोबाइलवरून फोन करावा लागला.

मालक आता जास्त क्षमतेचे सेल आणायचे म्हणत आहेत. सध्याचे 550 एमएएचचे आहेत. घड्याळाच्या दुकानात 1000 चे मिळतात असे ते म्हणतात. घ्यावेत का?

विजेरी

आत्ताच घेऊ नका. स्टँड ठरावीक प्रवाहानेच भरतो, त्यामुळे 1000 चा सेल भरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागेल. ज्या हँडसेटला लहान ताटलीच पुरती मिळत नाही त्याच्यासमोर मोठे ताट ठेवून उपयोग नाही. घ्यायचेच असतील तर निकेल मेटल हायड्राइडचेच घ्या, आणि पडून राहिल्यावर कमी घटणाऱ्या जातीचे घ्या. 2005 साली जपानमध्ये सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने तसले सेल आणले, आता इतरांचेही मिळतात.

आणि घड्याळाच्या दुकानातून आणताना पाकिटावर 'रिचार्जेबल' लिहिले आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. टीव्हीच्या रिमोटचे साधे 1.5 व्होल्टचे बारीक सेल आकाराने तंतोतंत बसतात. ते स्टँडवर भरायला ठेवले की आत वायू धरून फुगतात आणि गळतात. अशा गळलेल्या हँडसेटचा एक डबा माझ्याकडे भरलेला आहे.

वाईकर

माझ्या मेहुण्यांनी अमेरिकेहून एक उत्तम कॉर्डलेस आणला आहे आणि तो आमच्या कार्यालयाला देऊ म्हणतात. त्याचा हँडसेट एका भरतीवर बरेच दिवस चालतो. असा बाहेरचा संच लेखनिकांनी घ्यावा असे सुचवतो.

विजेरी

वाईकर, कृपया नको. आपल्याकडचे आणि युरोपातले डेक्ट जातीचे कॉर्डलेस 1880 ते 1900 मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेतले 1920 ते 1930 वर चालतात, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांच्या वाट्याचा आहे. तुमचे बोलणे छान होईल, पण जवळच्या टॉवरला मात्र तुमच्या बेसचा आवाज खुपत राहील. शिवाय अ‍ॅडॉप्टर 120 व्होल्टचा असेल. तो आपल्या प्लगात घातलात तर बाकीचे प्रश्न आपोआप मिटतील.

कृष्णाकाठ (गावभाग, सांगली)

मी बेसच्या जागेविषयी लिहितो, कारण सेल लवकर संपण्याशी तिचाही संबंध असतो असे माझ्या लक्षात आले आहे. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या कार्यालयातले टेबल, कपाट, फोन सगळे बुडाले. नंतर वायरमनने सगळे प्लग छातीच्या उंचीवर घेतले आणि फोनचा बेसही भिंतीवर चढला. त्यानंतर मागच्या खोलीत, जिथे आधी आवाज तुटत असे, तिथे स्वच्छ ऐकू येऊ लागले. जमिनीलगतचा बेस लोखंडी कपाटांच्या आड होता, तो वर गेल्यामुळे मोकळा झाला. लेखनिकांच्या पेढीवर पोत्यांच्या थप्प्या आणि पत्र्याचे छप्पर असणारच, तेव्हा हेही पाहावे. हँडसेटला बेस नीट सापडत नसेल तर तो शोधण्यातच त्याची शक्ती जाते.

पेढीवरचा_लेखनिक

कृष्णाकाठ, पहिला हँडसेट बेसपासून क्वचितच पंधरा पावलांच्या पलीकडे जातो आणि राखणदाराचा हँडसेट चार थप्प्यांच्या आड आहे. तरी चांगला चालतो तो राखणदाराचाच. म्हणून जागेचा दोष नसावा.

जुना_लाइनमन

लेखनिक, तुमच्या या शेवटच्या वाक्याने मला पुन्हा धाग्याच्या पहिल्या प्रतिसादाकडे जावे लागले. दोन्ही हँडसेट एकाच बेसचे, एकाच वयाचे. एक सतत उपाशी आणि एक सतत तृप्त. आमच्या नोकरीत अशा वेळी यंत्राचे झाकण उघडण्याआधी एक प्रश्न विचारण्याची शिस्त होती, तोच तुम्हाला विचारतो.

पेढी रात्री कोण बंद करते, आणि बंद करताना काय काय बंद करते? राखणदाराच्या खोलीची वीज त्याच मीटरवर आहे का?

कंदी_पेढा

लाइनमनकाकांनी हा प्रश्न विचारताच मला दिवाणजींची काळजी वाटू लागली आहे.

पेढीवरचा_लेखनिक

राखणदाराच्या खोलीचे मीटर वेगळे आहे, कारण ती खोली मागच्या गोदामाच्या कनेक्शनवर आहे. पेढी दिवाणजीच बंद करतात. मी सातलाच निघतो, त्यामुळे ते काय करतात हे मी कधी पाहिलेले नाही. आज मुद्दाम थांबतो.

पेढीवरचा_लेखनिक

थांबलो, आणि जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

आठला दहा कमी असताना दिवाणजींनी चोपड्या कपाटात ठेवल्या. मग त्यांनी हँडसेट धोतराच्या सोग्याने पुसला, स्टँडवर अलगद बसवला, 'टीं' असा आवाज आला, लाल दिवा लागला. दिवाणजींनी तो दिवा वाकून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि मला म्हणाले, "बघ, आता रात्रभर निवांत जेवेल." त्यानंतर त्यांनी गादीवरचा पंखा बंद केला, देवासमोरचा छोटा दिवा बंद केला, दाराशी गेले, चपला घातल्या, आणि शेवटी हात वर करून मेन स्विच खाली ओढला. खटका पडला तसा लाल दिवाही गेला.

मी काही बोलेपर्यंत शटर अर्धे खाली आले होते. मी वाकून आत पाहिले. अंधारात फक्त हँडसेटचा पडदा उजळलेला होता आणि त्यावर बेस सापडत नसल्याची खूण लुकलुकत होती.

मेन बंद करण्याची सवय तीस वर्षांची आहे. पूर्वी यार्डात कुठेतरी शॉर्टसर्किटने आग लागल्याचे त्यांनी ऐकले होते, तेव्हापासूनची.

विजेरी

आता हिशेब लागला. रात्री आठ ते सकाळी साडेआठ हँडसेट मेलेल्या बेसवर बसून त्याच बेसला शोधत राहतो, आणि शोधताना नेहमीच्या विश्रांतीपेक्षा जास्त सेल खातो. सकाळी मेन चालू झाला की भरणे सुरू होते. भरताना व्होल्टेज चटकन चढते, म्हणून तासाभरात पट्ट्या पूर्ण दिसतात आणि दिवाणजी अजीर्णाच्या भीतीने तो उचलतात. म्हणजे बिचाऱ्याला चोवीस तासांत जेमतेम एक तास जेवण मिळते, आणि त्यातही तोंडात हळद भरलेली. अकरापर्यंत तग धरत होता हेच नवल.

त्रैराशिक

माझा मासिक उपवासाचा सल्ला मी या प्रकरणापुरता मागे घेतो. इथे उपवास रोजचाच आहे.

मिरजकर_स्वागतकक्ष

आमचा 'दिवा पाहिल्याशिवाय पाठ फिरवायची नाही' हा नियम दिवाणजींनी तंतोतंत पाळला होता, याची नोंद घ्यावी. पाठ फिरवल्यानंतरच्या मेन स्विचचा विचार आमच्याकडे कोणी केला नव्हता, कारण रुग्णालय कधी बंदच होत नाही.

घाटमाथा

दिवाणजींची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. सुक्या मालाच्या गोदामाशेजारी रात्री मेन बंद असणे ही चांगली सवय आहे. फोनसाठी ती मोडावी असे मी म्हणणार नाही.

जुना_लाइनमन

मोडण्याची गरजही नाही. चांगल्या वायरमनकडून बोर्डात वेगवेगळे एमसीबी करून घ्यावेत, म्हणजे दिवे, पंखे, वजनकाटा यांचे एमसीबी रात्री पाडता येतील आणि बेसचा एकटा चालू राहील. सोबत गळतीवर तुटणारा आरसीसीबी बसवला तर दिवाणजींनाही झोप लागेल. कोणी मेनच्या आधीच्या तारेतून थेट जोड घेऊन देतो म्हणाला तर त्याला पेढीवरून चहा न देता परत पाठवावे.

वीजबिलाची चिंता असेल तर हिशेब सोपा आहे. बेस आणि हँडसेट मिळून तीन वॅट धरले तरी महिनाभर अखंड चालून सव्वादोन युनिटही होत नाहीत. आणि वायरमन येईपर्यंत एवढेच करावे की दिवसा बोलणे झाले की हँडसेट स्टँडवर ठेवावा. पेढी उघडी असते ते बारा तास त्याला पुरून उरतील.

कंदी_पेढा

म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर मालकांच्या बाजूने लागले. दिवाणजींना हे कोण सांगणार?

पेढीवरचा_लेखनिक

मीच सांगितले. आठ दिवसांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व, पण वायरमनची वाट पाहत होतो.

मी धागा छापून दिवाणजींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, कंदी_पेढा यांच्या प्रतिसादांवर पेन्सिलीने दोन फुल्या मारल्या आणि लाइनमनकाकांच्या हिशेबावर बरोबरची खूण केली. सव्वादोन युनिटांचा गुणाकार त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः करून पाहिला. मग म्हणाले, "मालकांचं बरोबर होतं म्हणतोस, पण मालकांना तरी मेनचं कुठं माहीत होतं?" यावर मालकही काही बोलले नाहीत.

मंगळवारी वायरमनने बेसचा एमसीबी वेगळा केला आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावली. बुधवारपासून हँडसेट दिवसभर स्टँडवर असतो, पट्ट्या रोज सकाळी कापसाने पुसतो. काल सौद्याच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी अडीच अखंड फोन होते आणि पडद्यावरच्या तीनपैकी एकच पट्टी कमी झाली.

आता एकच नवी तक्रार आहे आणि ती राखणदाराची आहे. गेले चार दिवस रोज रात्री साडेनऊला पेढीचा फोन वाजतो. तो आपल्या खोलीतला हँडसेट उचलतो, तर पलीकडे दिवाणजी असतात. ते विचारतात, "शटरच्या फटीतून बघून सांग, लाल दिवा आहे का?" तो उठतो, चार थप्प्यांना वळसा घालून पुढे येतो, वाकून पाहतो आणि आहे म्हणून सांगतो.

फोन लागला याचाच अर्थ बेस चालू आहे, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.